टिटवीची चार अंडी

मे महिन्यात खामगावात सकाळी आठनंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही. म्हणून सुट्टीतल्या एका रविवारी फजरची नमाज झाल्याबरोबर आम्ही निघालो. आम्ही दोघे, आमची लेक आणि अकोल्याहून सुट्टीला आलेला नऊ वर्षांचा भाचा.

भाच्याला वाघ पाहायचा होता. टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून २०१९च्या डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे त्याने कुठेतरी ऐकले होते. गोष्ट खरी आहे. खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथ्याजवळ लागते तेच हे जंगल. पण तिथे जायचे म्हणजे गाडी आली, परवानगी आली, खर्च आला. आम्ही म्हटले, "आधी गावाबाहेरची टेकडी चढू या. न बोलता चालायचे आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे."

टेकडी लहानशीच, वीस मिनिटांत माथा. पहिली दहा मिनिटे काहीच दिसले नाही, कारण भाचा सारखा बोलत होता. तो दमून गप्प झाला, तेव्हा निंबावरचा होला दिसला, बोरीच्या झुडपात सातभाईंचा कलकलाट ऐकू आला, दगडावर ऊन खाणारा सरडा सापडला. पायवाटेच्या कडेला एकाच जागी लेंड्यांचा ढीग होता. तो रोहीचा, म्हणजे नीलगायीचा. रोही बरेचदा ठरलेल्या जागीच लेंड्या टाकते. लेकीने वहीत लिहिले, "रोही दिसली नाही, पण येऊन गेली."

माथ्याजवळ एक टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. आम्ही पुढे जाऊ तसा तिचा आवाज वाढत गेला. तेवढ्यात भाचा ओरडला, "सापडली!" त्याच्या हातात दोन अंडी होती, मातकट, काळपट ठिपक्यांची. आणखी दोन खाली उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. दगडगोट्यांत सहज लपतील अशीच तिची अंडी असतात.

आमच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "शाब्बास! काय नजर आहे!" इतकी वर्षे शिक्षकी करून हे. वर आम्हीही ती अंडी हातात घेऊन निरखली. लेक म्हणाली, "ती रडतेय," तेव्हा कुठे भान आले.

अबू दाऊद शरीफमध्ये एक हदीस आहे. सफरीत काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख फडफडवत आली, तेव्हा नबी (स.) यांनी पिल्ले तिला परत द्यायला सांगितली. मुलांना ती सांगत आम्ही अंडी जागच्या जागी ठेवली आणि लांब निंबाखाली जाऊन बसलो. ऊन चढत होते. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. ती परत आलीच नाही तर? पंधरा मिनिटे कोणी बोलले नाही. मग ती उतरली, थांबली, थोडी धावली आणि अंड्यांवर बसली.

उतरताना भाच्याने विचारले, "मग नानीकडचा मिठू?"

आमच्या अम्मींच्या ओसरीवर सात वर्षांपासून पिंजऱ्यात पोपट आहे, फार लाडाचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळता येत नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो आणि अम्मींकडे गेलो की त्याच मिठूला मिरची भरवतो. पोराला काय उत्तर देणार?

पिंजऱ्यात राहिलेला पोपट एकदम उडवून दिला तर त्याचा निभाव लागणे कठीण. त्याला वन विभागाच्या हवाली करायला हवे. येत्या जुम्म्याला आम्ही अम्मींशी बोलणार आहोत. त्या नाराज होतील, रडतीलही. भाचा म्हणतो, "मी सोबत येतो. टिटवीचं मीच सांगतो नानीला."

वाचकहो, तुमच्याही गावाबाहेर एखादी टेकडी असेल. पाणी आणि वही घ्या, मुलांना घेऊन जा. बघा सगळे, हात मात्र कशालाच लावू नका.