ग्रहण पाहावयाचे ते कोठून?

ग्रहण आकाशात लागते, मग ते कोठूनही दिसेल, असे पुष्कळांना वाटते. भर दुपारच्या ग्रहणाविषयी हे बहुतांशी खरे आहे. मावळतीच्या ग्रहणाची गोष्ट मात्र निराळी. तेथे जागा चुकली, की ग्रहणच चुकते.

२५ ऑक्टोबर २०२२ च्या खंडग्रास सूर्यग्रहणाचे उदाहरण घ्या. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी ते आले. मुंबईत पावणेपाचच्या सुमारास ते लागले. पावणेसहाच्या सुमारास सूर्यबिंबाचा जवळजवळ चतुर्थांश भाग झाकला गेला, आणि ग्रहण सुटण्यापूर्वीच सूर्य मावळला. अशा ग्रहणास पंचांगात ‘ग्रस्तास्त’ म्हणतात. ग्रहण ऐन भरात असताना सूर्य क्षितिजापासून सुमारे ५ अंशच वर होता. १०० मीटर अंतरावरील १० मीटर उंचीची इमारत एवढे आकाश सहज झाकते.

मग जागा निवडावयाची कशी? त्यासाठी उंच डोंगरच हवा असे नाही. पश्चिमेस मोकळे असलेले माळरान किंवा तळ्याचा पूर्वेकडील काठही पुरतो. मात्र ती जागा आधी पारखून घ्यावी. ग्रहणाच्या एक-दोन दिवस आधी त्याच वेळी तेथे जावे आणि जमिनीवर शेवटपर्यंत ऊन टिकते का, ते पाहावे. जेथे ऊन पोहोचते, तेथून सूर्य दिसतोच. सूर्याकडे डोळे लावण्याची गरजच नाही.

जागा सर्वांना पोहोचता येण्यासारखी असावी, असे माझे मत आहे. चार धाडसी मुलेच चढू शकतील अशा कड्यापेक्षा आजी-आजोबा आणि धाकटी भावंडे येऊ शकतील असे साधे पटांगण बरे. सूर्य मावळल्यावर अंधारात परतावयाचे असते, हेही विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. मावळता सूर्य तांबूस व सौम्य दिसतो, म्हणून तो निर्धोक ठरत नाही. ग्रहणासाठी बनविलेल्या प्रमाणित चष्म्यावाचून त्याकडे पाहू नये. काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरणांची फिल्म मुळीच वापरू नये.

मुलांनो, २ ऑगस्ट २०२७ रोजी भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, आणि तेही दुपार कलल्यावर. आपल्या गावात सायंकाळचे ऊन सर्वांत उशिरापर्यंत कोठे रेंगाळते, ते आतापासूनच हेरून ठेवा.