चार नगरसेवक, पण गटार कुणाचं?

मालेगाव, भिवंडी, मुंब्र्यात प्रशासकाच्या कारभारात तक्रार न्यायची कुणाकडे, हाच प्रश्न होता. आता उलटं झालंय. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत एका प्रभागाला तीन-चार नगरसेवक. गटार तुंबलं की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा म्हणतो ती गल्ली माझ्याकडे नाही. मतं मागताना मात्र चौघांचं पॅनल एकच होतं!

इफ्तार, निकाह, मय्यत, सगळीकडे हे भेटतात. चांगलंच आहे. पण मय्यतीत पाण्याच्या लाइनचं कोण काढणार? शिवाय तिथे पुरुषच पुढे असतात, आणि पाण्यासाठी पहाटे उठतात त्या आपल्या आया-बहिणी.

महाराष्ट्रात २००९ मध्ये कायदा बदलून क्षेत्रसभेची तरतूद झाली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं, कोणती कामं आधी हवीत ते त्यांच्याकडून घ्यायचं. गावात ग्रामसभा, तसं शहरात हे. आपल्या मोहल्ल्यांत याचं नावही फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि नगरसेवकांनाही ते सोयीचंच आहे.

आम्ही म्हणतो, चौघांच्या नावाने एकच अर्ज करा: बजेटआधी क्षेत्रसभा घ्या, वेळ बायकांना जमेल अशी ठेवा. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.