भिंती वाचल्या, शेजाराचे काय?

जुन्या वास्तूचे हॉटेल झाले की दोन तऱ्हेची माणसे बोलू लागतात. एकांना वारसा विकला गेल्याचे दुःख होते, दुसऱ्यांना तो वाचल्याचा आनंद. बोलतात ते दोघेही भिंतींविषयीच. त्या भिंतींआड राहिलेल्या माणसांचे काय, हे पाहायचे तर दक्षिण इटलीतल्या मातेरा गावाकडे पाहावे.

तिथे मऊ चुनखडीचा कडा पोखरून केलेल्या घरांच्या दोन वस्त्या आहेत. त्यांना ‘सास्सी’ म्हणतात. एकाच गुहेत आईबाप, मुले, खेचर आणि कोंबड्या नांदत. कार्लो लेव्ही या लेखकाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात डॉक्टर बहिणीच्या तोंडून इथली हिवतापाने खंगलेली मुले दाखवली. खाऊला पैसे देऊ केले तरी ती क्विनाईनच मागत होती. ‘देशाला लाज’ अशी ओरड झाली. १९५२ साली खास कायदा करून सरकारने सुमारे १५,००० लोकांना नव्या वसाहतींत हलवायला घेतले. रिकाम्या गुहांची दारे चिणली गेली.

मग काळ फिरला. १९८६ च्या कायद्याने दुरुस्तीला पैसा मिळाला आणि सरकारजमा झालेली घरे दीर्घ मुदतीच्या कराराने दिली जाऊ लागली. १९९३ साली ‘युनेस्को’ने या वस्त्या जागतिक वारसा ठरवल्या. २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. आज त्याच गुहांत हॉटेले आहेत, काही तर भलतीच महाग. ज्या दारिद्र्याची लाज वाटली, त्याच्याच खुणा जपून आता रात्रीचा दर लावला जातो.

यात सगळेच वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. बँकेत माझी हयात गेली. हळहळीने छप्पर शाकारले जात नाही, त्याला पैसा लागतो, हे मला ठाऊक आहे. शिवाय त्या गुहांतले जिणे काही सुखाचे नव्हते. त्याचे गोडवे गाणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे.

पण तिथे आणखी एक गोष्ट होती. चार-सहा घरांमध्ये एक सामायिक अंगण असे. पाण्याचे टाके तिथलेच, भांडणे तिथलीच, बाळंतपणाला धावणारे हातही तिथलेच. गावच्या भट्टीत आपला पाव ओळखू यावा म्हणून घरोघरी लाकडी शिक्का असे. रोगराई हटवताना हा शेजारही उठला. पुढे पैसा आला तेव्हा दगड दुरुस्त झाले. शेजार कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता.

कर्जासाठी तारण म्हणून आलेल्या वाड्यांचे मूल्यांकन मी पुष्कळ वाचले आहे. त्यात जमिनीचा भाव असे, सागवानाचा असे. चौकात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या बिऱ्हाडकरूंसाठी रकाना नसे.

पुण्यात, नाशकात, वाईत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांतल्या काहींची हॉटेले होतील. जरूर व्हावीत, ढिगाऱ्यापेक्षा हॉटेल बरे. पण परवानगी देतानाच दोन अटी घालाव्यात. वाड्याचा काही भाग राहत्या बिऱ्हाडांसाठी, परवडेल अशा भाड्याने राखावा. आणि चौक गावाला खुला असावा. त्याने मालकाचा नफा थोडा घटेल, हे हिशेबी माणूस म्हणून मी मान्य करतो. मात्र सरकारी सवलत घेणाऱ्याने एवढे तरी गावाला परत द्यायला हवे.