पार्टीत राहणारा माणूस

नक्षलविरोधी सी-60 पथकाच्या निवडीच्या मैदानावर अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. दौड संपते, घामाघूम झालेला पोरगा सावलीला बसतो आणि शेजारच्या जुन्या हवालदाराला हळू आवाजात विचारतो, "भाऊ, इथं किती वर्षं काढली की वेगवर्धित बढती लागते?"

हा प्रश्न ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी चढते. माझ्या मनात मात्र त्या पोराविषयी राग नाही. घरी दीड-दोन एकर धान, चार वर्षे अभ्यासिकेत घालवलेली, सोळाशे मीटर आणि गोळाफेकीच्या एकेका गुणासाठी पहाटे उठून केलेला सराव, आणि धाकट्या बहिणीचे लग्न डोक्यावर. अशा मुलाने पदोन्नतीचा हिशेब केला तर त्यात पाप कसले? शिवाय त्याची पिढी वर्षे मोजायलाच शिकलेली आहे. 2022 साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम, ही तिची अट गावागावांतल्या मुलांना तोंडपाठ आहे. खुद्द सैन्यभरतीच मुदतीची झाल्यावर आपल्या दारी येणारा मुलगा मुदत विचारणारच.

तरीही जंगलात त्या हिशेबाची किंमत कोण मोजतो, हे पार्टीच्या, म्हणजे जंगलात उतरणाऱ्या तुकडीच्या, कमांडरांइतके कोणाला ठाऊक नाही.

गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी 1990 साली साठ स्थानिक जवान निवडून सी-60 हे पथक उभे केले. माणूस इथलाच हवा, हा त्यामागचा विचार होता. त्याला गोंडी किंवा माडिया यावी, गावातले सोयरे माहीत असावेत, आणि दोन वर्षांनी बदली होऊन तो निघून जाऊ नये. पार्ट्या त्यांच्या कमांडरच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या, त्याचेही कारण हेच. नावामागे वर्षे असावी लागतात.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातच पाहा. सालेकसा तालुक्यात दरेकसा, मुरकुटडोह, दंडारी या पट्ट्यातून चालणाऱ्या जवानाला नकाशा आणि जीपीएस वाट दाखवतात, पण तेवढ्यावर भागत नाही. पानगळीनंतर कोणत्या टेकडीवरून आपण उघडे पडतो, कोणता नाला आषाढात तासाभरात भरतो, मोहफुले वेचणाऱ्या बायका कोणत्या वाटेने जातात आणि आज त्या वाटेवर कोणीच का नाही, हे पहिल्या वर्षी दिसत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात बाहेरची माणसे गावात येतात, त्यांतला मजूर कोण आणि निरोप्या कोण, हे ओळखायला तीन-चार हंगाम त्याच संकलन केंद्रावर उभे राहावे लागते. हे ज्ञान कुठल्याही फाइलीत नाही. ते माणसात असते, आणि माणूस बदलून गेला की त्याच्याबरोबर जाते.

1 मे 2019 रोजी आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी पेरलेला भूसुरुंग फुटला. त्वरित प्रतिसाद पथकाचे 15 जवान आणि त्यांचा वाहनचालक गेले. त्या दिवसानंतर रस्ता, वाहन आणि घाई या तीन गोष्टींविषयी जुने जवान नव्यांना जे सांगतात, ते सांगायला जुने जवान पार्टीत शिल्लक तरी हवेत.

बढती आणि टिकून राहणे यांत वैर नाही. 19 नोव्हेंबर 2025 रोजी आपल्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या बोरतलाव परिसरातल्या संयुक्त अभियानात मध्य प्रदेशच्या हॉक फोर्सचे निरीक्षक आशिष शर्मा शहीद झाले. शौर्यपदक त्यांना दोनदा मिळाले होते, वेळेआधीची बढतीही मिळाली होती. दोन्ही मिळाल्यावरही ते जंगलात होते आणि पुढे होते. त्यानंतर दहा दिवसांच्या आत माओवाद्यांच्या एमएमसी (महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड) झोनचा प्रवक्ता अनंत याने दहा साथीदारांसह गोंदिया पोलिसांपुढे शरणागती पत्करली. त्या शरणागतीमागे तिन्ही राज्यांच्या जवानांनी त्या जंगलात घालवलेली वर्षे आहेत.

म्हणून दोष आधी आपल्या व्यवस्थेत शोधू या. अनुभवी जवानाला आपण बक्षीस काय देतो? बढती, आणि बढतीबरोबर पार्टीतून सुटका. खात्यांतर्गत उपनिरीक्षकाची परीक्षा पास झालेला उत्तम शोधक दुसऱ्या जिल्ह्यातल्या ठाण्यात जाऊन टपालावर सह्या करतो. दुसरीकडे पंधरा वर्षे पिट्टू वाहिलेला हवालदार आपली झिजलेली गुडघ्याची वाटी घेऊन मुलांच्या शाळेसाठी गोंदियात भाड्याची खोली शोधतो. नवा मुलगा हे दोन्ही पाहतो. टिकणाऱ्याचे हाल आणि निघून जाणाऱ्याचा मान समोर दिसत असताना त्याला निष्ठेचे व्याख्यान देण्याचा आपल्याला काय अधिकार?

निवडीच्या दिवशीच किमान पाच वर्षांची अट त्याला तोंडावर सांगावी. ज्याला ती जड वाटते त्याने सन्मानाने ठाण्यात काम करावे, त्यातही देशसेवा आहे. पार्टीतच वरची श्रेणी मिळेल अशी सोय हवी. कुटुंबासाठी निवासस्थान हवे. आणि चाळिशीनंतर ज्याचे गुडघे बोलू लागतील, त्याला प्रशिक्षक म्हणून सन्मानाने घ्यावे. त्याला मुख्यालयाच्या फाटकावर उभे करू नये.

काही जण म्हणतील, ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली, केंद्राने नक्षलवाद संपवायला 31 मार्च 2026 ही मुदत घातली, मग आता लांबच्या निष्ठेचे काय काम? माझे मत नेमके उलट आहे. बंदूक शांत झाल्यावर गावात जो पोलीस उरतो, त्याच्यावर गाव विश्वास ठेवते की नाही, यावर पुढची वीस वर्षे ठरतील. तो विश्वास सशस्त्र दूरक्षेत्रात सहा महिने काढून पुढच्या बदलीकडे डोळे लावणाऱ्याला मिळत नाही. गोंडीत विचारपूस करणाऱ्या, गेल्या वर्षीच्या बाळंतिणीचे नाव लक्षात ठेवणाऱ्या जवानाला तो मिळतो.

पार्टी कमांडरांना एक विनंती. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेचा बंदोबस्त लागतो, कोया पुनेम हा गोंडी धर्म मानणारे भाविक दूरदूरच्या राज्यांतून येतात. या वेळी नव्या जवानाला एकट्याने नाक्यावर उभे करू नका. पार्टीतल्या सर्वांत जुन्या जवानाबरोबर त्याला दिवसभर फिरवा, आणि संध्याकाळी त्याने काय पाहिले ते त्याच्या तोंडून ऐका.