मीठ कमी करा म्हणणं सोपं आहे

रविवारी वंदना झाली की विहारात आम्ही बीपी तपासायला बसतो. दंडाला पट्टा बांधता बांधता ठरलेला प्रश्न विचारतो, "मावशी, मीठ कमी केलं का?" मागच्या उन्हाळ्यात एका मावशींनी उलट आम्हालाच विचारलं, "बाई, भाकरीसंगं चटणी अन् मीठच असतंय. ते बी कमी केलं तर भाकर घशाखाली उतरंल कशी?"

नर्सिंगच्या डिप्लोम्यात याचं उत्तर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, नूडल्सची पुडी, सगळं त्यातच आलं. आकडा खरा आहे. पण ज्या घरात भाजी रोज होत नाही, तिथे मीठ हीच चव असते. ती काढून घ्यायची आणि बदल्यात काही द्यायचं नाही, तर तो सल्ला नव्हे, गरिबाला दिलेला दोष आहे.

आम्हाला उत्तर पोरांनी दिलं. पिझ्झासोबत आलेल्या मसाल्याच्या पुड्या मुलं जपून ठेवतात आणि आमलेटवर, उकडलेल्या बटाट्यावर टाकतात. आम्ही एक पुडी फोडून हातावर घेतली. आत काय, तर वाळलेला पाला! या इटालियन मसाल्यात ऑरेगॅनो, बेझिल, थाइम, मार्जोरम, रोझमेरी असा पाला असतो. नावं परकी, पण घराणं ओळखीचं. फालुद्यात टाकतो तो सब्जा म्हणजे बेझिलचंच बी. मार्जोरम म्हणजे गजऱ्यात ओवतात तो मरवा. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच आपल्या ओव्यात आहे. ऑरेगॅनो तुळस-पुदिन्याच्या कुळातला.

मग विकत कशाला घ्यायचा? बाजारातल्या बऱ्याच मसाल्यांच्या पुड्यांत मीठ घातलेलं असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं पोरांकडून वाचून घ्या. घरी केला तर त्यात मीठ घालायचं की नाही, हे आपल्या हातात राहतं.

किराणा दुकानातला सब्जा तेलाच्या जुन्या डब्यात पेरा. डब्याला खाली भोकं पाडा. पुदिन्याची काडी खोचली तरी लागते. मरवा घरचाच घ्या. हाराचा नको, त्यावर फवारणी असू शकते. पानं धुवून, पाणी पूर्ण निथळू देऊन, जुन्या सुती लुगड्यावर सावलीत पसरा. उन्हात वास उडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तीन-चार दिवसांत पान चुरचुर वाजतं. मग हाताने चुरा. सब्जाची पानं 4 चमचे, पुदिना 2, मरवा 2, आणि किंचित भाजून भरडलेला ओवा 1 चमचा. हवी तर थोडी भरड मिरची आणि वाळवलेला लसूण. मीठ नाही. कोरड्या बरणीत भरा, सहा महिन्यांत संपवा. ओलसर वास आला किंवा बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या.

वरणात, टोमॅटोच्या भाजीत, अंड्यावर नेहमीपेक्षा कमी मीठ घाला आणि उतरवताना हा चुरा चिमूटभर टाका. भाकरीवर तेलाचे दोन थेंब, कांदा-टोमॅटो आणि वर हा चुरा, एवढ्यानेही घास उतरतो. मीठ एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

कोणी विचारेल, आपल्या येसराला काय झालं? काही नाही. येसर आपलंच आहे. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली आहे, ती प्रत्येक घरात वाचली जावी. पण मिरची, टोमॅटो, बटाटा हेही समुद्रापलीकडून आले आणि आपले झाले. एकेकाळी आपल्या माणसांना पाला खाणारे म्हणून हिणवलं गेलं. तोच पाला आज काचेच्या बाटलीत महाग विकला जातो. लाज पाल्याची नव्हतीच.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. हा मसाला औषध नाही. त्याने बीपी बरं होत नाही, रक्तही वाढत नाही. बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. गरोदर बाईची लोहाची गोळी चुकवू नका. मसाल्याचं काम एकच, मीठ कमी झाल्यावर घास बेचव होऊ न देणं.

आता विहारात बीपीच्या यंत्राशेजारी आम्ही एक बरणीही ठेवतो. "मीठ कमी करा" म्हणायच्या आधी त्यातला चुरा मावशींच्या तळहातावर ठेवतो.

जय भीम.