काळवीट, कॅमेरा आणि आपण

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून शिकाऱ्यांचा अभ्यास चालू असतो. झाडाला एक छोटा डबा बांधायचा, आत कॅमेरा आणि पीआयआर सेन्सर. समोरून गरम शरीराचं काही हललं की फोटो! असे महिनोन् महिने फोटो जमवून एखादा मोठा, पूर्ण वाढलेला नर कोणत्या वाटेने आणि किती वाजता येतो याचा पॅटर्न काढतात. मग सीझनमध्ये बरोब्बर तिथे जाऊन बसायचं. आपण पीएलमध्ये मागच्या पाच वर्षांचे पेपर घेऊन बसतो ना, त्यातलाच प्रकार!

हे फेअर आहे का, हा वाद तिथेही झालाच. ॲरिझोना राज्याने तर २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी केली. कोरडा मुलूख, पाणवठे मोजके आणि प्रत्येक पाणवठ्यावर कॅमेरे. जनावराने जायचं कुठे? मला तरी ती बंदी पटते.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मग जालन्याच्या पोरांनी या डब्याचा विचार कशाला करायचा? कारण आपल्याकडे काळवीट अभयारण्यात नाही, शेतात आहे. भोकरदन, जाफराबादकडे सकाळच्या एसटीने गेलात तर खिडकीतून कळप दिसतो. आपण म्हणतो, "वॉव!" ज्याच्या हरभऱ्यात तो कळप उभा असतो तो काय म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.

माझ्या मामांची तिकडे शेती आहे. रात्रभर जागल करतात. कॅमेऱ्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, "फोटू काय चाटायचाय का रं? नुकसानीचं बोल." मामांचं म्हणणं बरोबर आहे, पण मला वाटतं उत्तरही त्या फोटोतच आहे. सोयाबीन कोणी खाल्लं, काळविटाने, रोह्याने की रानडुकराने, हे पंचनाम्याच्या वेळी ठशांवरून नि अंदाजावरून ठरतं. तारीख-वेळ छापलेला फोटो असला तर वाद कशाला? शिवाय कळप कोणत्या बांधावरून आणि कधी शिरतो हे कळलं, तर सगळ्या शेताला राखण लागत नाही, तेवढी बाजू धरली की झालं. शिकारी ज्यासाठी पॅटर्न काढतो, त्याच्या नेमकं उलट काम! आणि कुंपणात चोरून थेट वीज सोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. त्या तारेला जनावर आणि माणूस यातला फरक कळत नाही.

हे तंत्र आपल्या देशाला नवीन नाही. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते, सुमारे साडेतीन कोटी फोटो निघाले. २०२१ च्या मार्चमध्ये आपल्या शेजारच्या गौताळा अभयारण्यात वाघ दिसला तो कॅमेऱ्यातच, आणि पट्टे जुळवून कळलं की स्वारी थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलीय.

पण वाघाची रेसिपी काळविटाला जशीच्या तशी चालणार नाही. इथे आपलं इंजिनिअरिंग लागतं. पीआयआर सेन्सर तापमानातला फरक पकडतो. मे महिन्यात आपली जमीन इतकी तापते की जनावर आणि जमीन सेन्सरला सारखीच! त्यात माळरानावर डबा बांधायला झाड नाही, आणि समोरचं गवत वाऱ्याने हललं की पाचशे फोटो गवताचेच. या तिन्ही गोष्टींवर काम करता येईल. दरवर्षी तोच तो लाइन फॉलोअर रोबो बनवायचा आणि पेढे वाटायचे, त्यापेक्षा खूपच बरं.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. काळविटाचा मोठा नर ओळखायला सोपा. वय वाढेल तसा रंग काळा होत जातो, शिंगांना पीळ चढतात. विणीच्या काळात तो आपली जागा धरून बसतो, ठरलेल्या ठिकाणी लेंड्या टाकून हद्द सांगतो. म्हणजे पॅटर्न काढायला याच्याइतकं सोपं जनावर नाही, आणि चोरट्या शिकाऱ्यालाही तेच हवं असतं. म्हणून फोटो शेतकऱ्याकडे आणि वनखात्याकडे जावेत, बस्स. लोकेशनसकट स्टेटसला टाकायचे नाहीत, मग कितीही लाइक मिळोत.

मध्य प्रदेशात शाजापूरकडे २०२५ मध्ये हेलिकॉप्टरने हाकून काळविटं पकडली आणि दुसरीकडे नेऊन सोडली. आपल्याकडे हेलिकॉप्टर नाही. ईएसपी-३२ कॅमचं बोर्ड, सेन्सर, बॅटरी आणि पावसात टिकेल असा डबा एवढं मात्र हॉस्टेलच्या वर्गणीत बसतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले दोघे, मेकॅनिकलचा एक आणि गावाकडे शेत असलेला कोणीही चालेल. मामांचा बांध मी देतो. त्यांना विचारायचं तेवढं बाकी आहे.