गाठीची कड दिसली पाहिजे

कर्करोगाची शस्त्रक्रिया संपवून सर्जन बाहेर आले की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘सगळी गाठ निघाली ना, डॉक्टर?’ त्या घडीला याचं पक्कं उत्तर सर्जनकडेही नसतं. ते काही दिवसांनी पॅथॉलॉजीच्या अहवालातून कळतं. जिभेच्या किंवा गालाच्या कर्करोगात गाठीभोवतीचा साधारण पाच मिलिमीटर निरोगी भागही काढावा लागतो. पण गाठ नेमकी कुठे संपली, हे नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. सर्जन बोटांनी चाचपतात, टणकपणावरून अंदाज बांधतात, शंका आली तर तुकडा तातडीच्या फ्रोझन तपासणीला पाठवून थांबतात. इतकं करूनही अहवालात ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ म्हणजे कडेवर कर्करोगपेशी असल्याचं आलं, की पुन्हा शस्त्रक्रिया किंवा वाढीव उपचार.

हीच कड टेबलावर उजळून दाखवणारी औषधं आता आली आहेत. मेंदूच्या ग्लायोमासाठी ५-एएलए आहे. ही गाठ मेंदूत भिनलेली असते, त्यामुळे तिथे कड शोधणं सर्वांत कठीण. भूल देण्याआधी तीनेक तास हे औषध पाण्यात विरघळवून रुग्णाला पाजतात. गाठीच्या पेशी त्यापासून तयार झालेलं पोर्फिरिन साठवून ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकातून निळा-जांभळा प्रकाश टाकला की निरोगी मेंदू निळसर राहतो आणि गाठ लालसर गुलाबी चमकते. जर्मनीत वॉल्टर श्टुमर यांच्या चमूने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, दिसणारी गाठ पूर्ण निघालेल्या रुग्णांचं प्रमाण साध्या प्रकाशात ३६ टक्के होतं, तर या औषधाने ६५ टक्के. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. अलीअसगर मोइयादी यांनी शस्त्रक्रियेदरम्यानच्या सोनोग्राफीला याची जोड दिली आहे.

या औषधांची पुढची पिढी थेट कर्करोगपेशींवर नेम धरते. पॅफोलासियानिनमध्ये चमकणारा रंग फोलेटसारख्या रेणूला जोडलेला असतो आणि अंडाशयाच्या बहुतेक कर्करोगपेशी फोलेट ओढून घेतात. पर्ड्यू विद्यापीठातल्या फिलिप लो यांच्या संशोधनातून आलेल्या या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी फुप्फुसासाठीही. अंडाशयाच्या चाचणीत सुमारे २७ टक्के स्त्रियांत डोळ्यांना आणि हाताला न सापडलेली किमान एक गाठ यामुळे सापडली. ती गाठ आत राहून गेली असती, हे ध्यानात घ्या.

मर्यादाही आहेत. प्रकाश ऊतींत फार खोल जात नाही, कधी निरोगी भागही चमकतो. सर्जनच्या अनुभवाला पर्याय नाहीच.

माझं म्हणणं कोल्हापूरबद्दल आहे. निपाणीची तंबाखू आपल्या दारातली. आपल्याकडच्या घरांना तोंडाचा कर्करोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तोंडाच्या गाठींवर ईजीएफआर हे प्रथिन पुष्कळ असतं आणि त्याला चिकटणाऱ्या पॅनिटुमुमॅब या औषधाला चमकता रंग जोडून अमेरिकेत चाचण्या झाल्या आहेत. पण श्रीमंत देशांतल्या बाजाराने आपल्या रोगाला अग्रक्रम द्यावा, याची वाट आपण का पाहायची? शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात फ्लुओरेसन्सवर काम करणारी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. प्रा. गोविंद कोळेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चमकणाऱ्या नॅनोकणांवर कितीतरी शोधनिबंध लिहिले. त्याच गावात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारी खासगी रुग्णालयं आहेत. रेणू बनवणारे आणि गाठ कापणारे एकाच शहरात राहत असतील, तर त्यांनी एका टेबलाशी बसायला हवं.

रेणू प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत यायला वर्षं लागतात, हे मान्य. तोवर हातात असलेलं तरी वापरूया. इंडोसायनिन ग्रीन आणि फ्लुओरेसीन हे रंग जुने आहेत. डोळ्यांचे डॉक्टर पडद्याच्या तपासणीसाठी ते कित्येक वर्षं वापरतात. ते कर्करोग ओळखत नाहीत, पण स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली लसिकाग्रंथी शोधायला उपयोगी पडतात. त्या एक-दोन ग्रंथींची तपासणी निर्धोक आली, तर काख पूर्ण साफ करावी लागत नाही आणि हात जन्मभर सुजण्याचा धोका बराच टळतो. इंडोसायनिनला खास कॅमेरा लागतो, तो महाग आहे. जिल्हा नियोजनाच्या निधीतून सीपीआरला असा एक कॅमेरा द्यावा, ही पालकमंत्र्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना माझी जाहीर विनंती आहे.